दुसऱ्यांदा विचारेपर्यंत

आमच्या ईडन प्रेरीहून डेन्व्हरला विमान दोन तासांत पोचतं. आम्ही दोघींनी तीन दिवस लावले, आणि त्यातला बराचसा वेळ वाळूत रुतण्यात आणि अ‍ॅपल पाय खाण्यात गेला. गाडीनेच जायचं हा माझ्या मैत्रिणीचा हट्ट. तिला मुलाकडे जायचं होतं आणि सामान फार होतं: लोणच्याच्या बरण्या, भाजणी, मेतकूट, एक पितळी परात आणि कढीपत्त्याचं कुंडीतलं झाड. झाड विमानात चालत नाही, असं तिचं म्हणणं. मी चौकशी करून चालतं असं सांगितलं, तर म्हणाली, ते घाबरतं. यावर काय बोलणार? शिवाय मला जायचंच होतं. मी नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि नवरा गुडघ्यांचं निमित्त सांगून क्रिकेटसमोरून हलायला तयार नव्हता. आम्ही दोघी नाहीशा होणार हे ऐकून त्याला झालेला आनंद त्याने फार लपवलाही नाही.

आमच्या गावाच्या नावात प्रेरी आहे ती नावापुरतीच. मिनिआपोलिसला चिकटलेलं उपनगर आहे ते; मॉल, ऑफिसं, तळ्याकाठचे रस्ते, आणि आपली माणसं इतकी की गणपतीला पार्किंग मिळत नाही. तिथे तीस वर्षं काढून आम्ही खरी प्रेरी, म्हणजे नजर जाईल तिथवर नुसतं गवत, कधी पाहिलेलीच नव्हती. सुट्टी मिळाली की भारतात पळायचं, नाहीतर न्यू जर्सीच्या नातेवाईकांकडे जाऊन श्रीखंड खायचं. मधला देश विमानाच्या खिडकीतून चौकोन चौकोन दिसायचा तेवढाच. म्हणून मी नकाशा काढला आणि मोठा हायवे सोडून नेब्रास्काच्या आतल्या रस्त्यांनी जायचं ठरवलं. मैत्रीण म्हणाली, तुला हवं तसं. ती नेहमी असंच म्हणते आणि मग स्वतःला हवं तसं व्हायची वाट बघत बसते.

हा तिचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती कोल्हापूरकडची. तिच्या माहेरी पाहुण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून रस्सा ओतायचा, ही पद्धत. पहिलं 'नको' रीतीचं. दुसरं 'नको' म्हणजे समोरचा मनापासून देतोय की नाही ते बघायला. तिसऱ्या वेळेला 'बरं, अगदी अर्धीच' म्हणायचं आणि दीड पोळी खायची. मी डोंबिवलीची. आमच्याकडे दोन खोल्यांत सात माणसं, आणि जो नको म्हणाला तो उपाशी राहिला. त्यामुळे ती मला उर्मट समजते आणि मी तिला नखरेवाली, आणि गेली तीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी तळ्याभोवती एकत्र चालतो. कडाक्याच्या थंडीत तळं गोठलं की मॉलमध्ये चालतो.

तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा एकुलता एक, डेन्व्हरला असतो. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, त्याने फोनवर विचारलं होतं, आई, तू आमच्याकडेच राहायला ये ना, खालची खोली रिकामीच आहे. ही म्हणाली, "नको रे, मी बरी आहे इथे." तो म्हणाला, "ओके." बस्स. पुन्हा त्याने विषय काढला नाही. ही मात्र थँक्सगिव्हिंगपासून रोज तळ्याभोवती मला तेच ऐकवत होती: एकदाच विचारलं. तोंडदेखलं विचारलं. खरंच मनात असतं तर परत विचारलं नसतं का? मी म्हणायचे, तुला जायचंय का? तर म्हणायची, मला कुठे जायचंय, माझं चांगलं चाललंय, पण विचारायला काय हरकत होती? मग मे महिन्यात सुनेने सहज फोनवर सांगितलं की त्या खालच्या खोलीत ते आता जिम करणार आहेत. जूनमधल्या एका सोमवारी माणूस येऊन मापं घेणार होता. दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला मुलाला भेटायची घाई झाली, आणि भेट नेमकी त्या सोमवारच्या आधीची ठरली.  मला सगळं बोलायची सवय आहे, पण इथे मी गप्प राहिले.

गाडी माझी, त्यामुळे अर्ध्याहून जास्त मीच चालवली. तिची पाळी आली की ती आधी आरसे पुसायची, मग सीट पुढे घ्यायची, मग मनातल्या मनात काहीतरी म्हणायची, आणि मग ट्रॅक्टरच्या वेगाने निघायची. आतल्या रस्त्यांवर समोरून क्वचितच गाडी येते, आणि आली की तिचा चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून तुम्हाला राम राम करतो. ओळख असो नसो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिल्या बोटाला मैत्रिणीने गाडी बाजूला घेतली, कारण टायरमध्ये काहीतरी बिघडलंय असं तो सांगतोय अशी तिची खात्री झाली. आम्ही चारी टायर पाहिले. दुसऱ्या बोटाला डिकी उघडी आहे का ते पाहिलं. तिसऱ्याच्या वेळी पेट्रोल पंपावरच्या बाईने खुलासा केला, आणि तेव्हापासून माझ्या मैत्रिणीने समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार करायला सुरुवात केली. मी ओरडले. ती म्हणाली, एका बोटाने कसं गं करायचं, वाईट दिसतं.

नेब्रास्कातले ते वाळूचे डोंगर मी आधी फोटोत पाहिले होते. पण डोंगर हा शब्द बरोबर नाही. ठेंगणे, गवताने झाकलेले उंचवटे, एकामागे एक, संपतच नाहीत. मध्येच एखादं तळं, त्यावर पांढरे पक्षी. एखादी जुनी पवनचक्की कुरकुरत गुरांच्या टाकीत पाणी ओतत असते आणि टाकीभोवती काळी गुरं उभी असतात. झाड औषधालाही नाही. वारा एवढा की दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागे. आम्ही दोघी बडबड्या, पण त्या रस्त्यावर तासतासभर बोललो नाही. मला वाटलं होतं की कंटाळा येईल. आला नाही. मला तिथे फार हलकं वाटत होतं, आणि मैत्रीण खिडकीला नाक लावून शाळेच्या सहलीतल्या मुलीसारखी बघत बसली होती.

रुतलो ते माझ्यामुळे. एका तळ्यावरचे पक्षी जवळून बघायचे म्हणून मी गाडी कच्च्या वाटेवर घातली. वाट वरून टणक दिसत होती. वळताना पुढची दोन्ही चाकं कडेच्या वाळूत गेली आणि जितकं अ‍ॅक्सिलरेटर दाबावं तितकी खाली जात राहिली. फोनला सिग्नल नाही. मैत्रीण म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं?" हे वाक्य बोलायला ती सकाळपासून निमित्तच शोधत असणार. आम्ही थोडा वेळ गवत चाकांखाली घालून पाहिलं आणि शेवटी बाजूच्या बांधावर बसून भाजणीचं थालीपीठ खाल्लं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग एक पिकअप आला. त्यात नवरा-बायको, आमच्याच वयाची. जवळच त्यांचा रँच, म्हणजे गुरांचा मळा, होता आणि त्यांनी लांबूनच आमची गाडी पाहिली होती. नवऱ्याने चाकं बघून फक्त मान हलवली आणि गाडी ओढायचा हुक कुठे आहे असं विचारलं. हुक डिकीच्या तळाखाली असतो. म्हणजे सगळं सामान बाहेर काढणं आलं. बरण्या काढल्या, परात काढली, कढीपत्ता काढला, तोपर्यंत मैत्रीण ठीक होती. सगळ्यांत तळाशी रजईत गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं होतं. त्या माणसाने त्याला हात घालताच ही पुढे झाली, गाठोडं स्वतः उचललं आणि छातीशी धरून वाऱ्यात बाजूला उभी राहिली. जमिनीवर ठेवायला तयार नाही. रजईचं टोक उडालं आणि मला तिचा देव्हारा दिसला. सासूकडून आलेला, लाकडी, छोटा. त्यात तिचे देव कापसात बसवलेले.

ती बाहेरगावी गेली की तिच्या देवांपुढे दिवा मी लावते. तीस वर्षं लावत आलेय. भारतात दोन-दोन महिने गेली तरी किल्ली माझ्याकडे असायची, आणि मी श्रद्धेने नाही तरी शिस्तीने निरांजन लावायचे. मग दहा दिवसांसाठी डेन्व्हरला जाताना देव गाडीच्या डिकीत का? मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर फिरवली. मला त्या क्षणी समजलं की ही परत यायला निघालेलीच नाही. मुलाने परत विचारलं तर लगेच राहता यावं म्हणून ही घरचे देव घेऊन आली आहे. आणि नाही विचारलं तर तेच गाठोडं गुपचूप तसंच परत न्यायचं, असा तिचा बेत.  एवढी हौस असताना बाई तळ्याभोवती सहा-सात महिने 'मला कुठे जायचंय' म्हणत फिरत होती.

गाडी निघाली सहज. मी आभार मानले, त्या माणसाने टोपीला हात लावला. बायको मोठी हसरी होती. ती म्हणाली, घर समोरच आहे, हात-पाय धुवा, सकाळी अ‍ॅपल पाय केलाय, एकेक तुकडा खाऊन जा. मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण म्हणाली, नको नको, थँक यू, आमचं आत्ताच खाणं झालं. बायको म्हणाली, बरं तर, सांभाळून जा. आणि दोघं पिकअपमध्ये बसून निघून गेली.

मैत्रीण धुळीकडे बघत राहिली. गाडीत बसल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, "एकदाच विचारलं बघ."

त्यावर मला एवढा राग आला की मी गाडी तिथेच थांबवली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं, त्यामुळे थांबायला हरकतही नव्हती. मी तिला म्हटलं, की त्या बाईने तुला अ‍ॅपल पाय देऊ केला, तू नको म्हणालीस, तिने ते खरं मानलं. तिचं काय चुकलं? आणि तुझ्या मुलाचं काय चुकलं? तो मिनेसोटात वाढला. त्याला शाळेत शिकवलं की कोणी नाही म्हटलं की ते नाहीच, पुन्हा विचारायचं नाही, ते वाईट समजतात. तू त्याच्याकडून तुझ्या माहेरचा आग्रह मागतेयस, तो त्याने आयुष्यात कधी पाहिलाय? आणि देव घेऊन निघालीस ते मला का नाही सांगितलंस? या शेवटच्या प्रश्नाला माझा आवाज चढला, कारण खरं तर मला तेच जास्त लागलं होतं.

 ती अगदी हळू म्हणाली की, आपण होऊन म्हटलं आणि त्याच्या चेहऱ्यावर 'आता काय करायचं' असं दिसलं, तर? एकदा दिसलं की ते पुन्हा न पाहिल्यासारखं करता येत नाही. त्यापेक्षा त्याने विचारेपर्यंत वाट बघितलेली बरी.  तिची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं.

पण मला राहवलं नाही, आणि मी गाडी वळवली. तिला वाटलं, मी रस्ता चुकले. त्या रँचच्या अंगणात मी गाडी उभी केली, दार वाजवलं आणि त्या बाईला सांगितलं की आम्ही विचार बदललाय, अजून असेल तर आम्हाला तो अ‍ॅपल पाय हवाय. मैत्रीण माझ्या मागे मान खाली घालून उभी, धरणीने पोटात घेतलं तर बरं असा चेहरा करून. बाईला जरासुद्धा नवल वाटलं नाही. या की, म्हणाली. टेबलावर अ‍ॅपल पाय तसाच होता, कापलेला. तिने वर आइस्क्रीम हवंय का विचारलं. मैत्रिणीचे ओठ 'नको' साठी उघडलेले मला दिसले, मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला, आणि ती 'येस' म्हणाली. दोन तुकडे खाल्ले तिने. तिसऱ्याला खरोखरच नको म्हणाली.

बोलता बोलता त्या बाईने सांगितलं की मुलगी ओमाहाला असते, दर नाताळात म्हणते आमच्याकडे या, पण आपल्याला शहरात झोप येत नाही आणि गुरांचं कोण बघणार, म्हणून आपणच नाही म्हणतो. मैत्रीण एकदम सावध झाली. मग मुलगी परत विचारते का, असं तिने विचारलं. बाई म्हणाली, विचारते की, पुढच्या नाताळात. आणि खूप हसली. गाडीत बसल्यावर मैत्रीण बोटांवर महिने मोजत होती. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाली, पुढच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत तिथे ट्रेडमिल आलेली असणार.

शनिवारी संध्याकाळी आम्ही डेन्व्हरला पोचलो. मुलगा चांगला आहे, लहानपणापासून मला मावशी म्हणतो. दाराबाहेर येऊन त्याने दोघींच्या हातातलं सामान घेतलं. सून ह्यूस्टनला जन्मलेली, आईवडील आंध्रातले. तिने आमच्यासाठी पुलिहोरा, म्हणजे त्यांच्याकडचा चिंचेचा भात, केला होता आणि कढीपत्त्याचं झाड बघून ती मनापासून खूश झाली. आमची झोपायची सोय त्या खालच्याच खोलीत होती. छान खोली, पूर्वेला मोठी खिडकी, शेजारी बाथरूम. जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून ट्रेडमिलची जागा आखून ठेवलेली. मैत्रिणीने देव्हारा खिडकीच्या कट्ट्यावर मांडला, तात्पुरता म्हणून. रात्री निळ्या पट्टीवरून ती एकदाही चालली नाही, बाजूने वळसा घालून जात होती.

रविवारभर तिने जे सूचक बोलणं केलं ते मी कपाळाला हात लावून ऐकलं. खोलीत उजेड छान येतो, ती म्हणाली. मुलगा म्हणाला, हो ना, वर्कआउटला नॅचरल लाइट बेस्ट. बाथरूम जवळ आहे ते बरं, ती म्हणाली. तो म्हणाला, एक्झॅक्टली, शॉवर घेऊन डायरेक्ट ऑफिस. आता मला मिनेसोटातला बर्फ उपसवत नाही, ती म्हणाली. त्याने त्यावर फोन काढला आणि बर्फ काढून देणाऱ्या माणसाचा नंबर शोधायला लागला, तुझ्यासाठी पूर्ण सीझन बुक करतो म्हणाला. किती प्रेमाने म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना. मी मध्ये बोलायचं नाही अशी तिने शपथ घातली होती, आणि ती मी कशी पाळली ते माझं मला माहीत.

सोमवारी सकाळी मापं घेणारा माणूस आला. माझी बॅग गाडीत गेलेली, चहा घेऊन मी निघणार होते. मैत्रीण अजून आठ दिवस राहणार, मग मुलगा तिला विमानात बसवून देणार, असं ठरलेलं. मी दारात उभी राहून चहा पीत होते. त्या माणसाने टेप लावली, भिंती मोजल्या, मग खिडकीशी आला आणि मुलाला म्हणाला की इथे आरसा बसवायचा तर कट्ट्यावरचं ते लाकडी हलवावं लागेल. मुलगा देव्हाऱ्याकडे वळला, आदराने, दोन्ही हात पुढे करून.

"हलवू नकोस," मैत्रीण म्हणाली. "राहू देत ते इथे. मलाही इथेच राहायचंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, जमिनीवरच्या निळ्या पट्टीकडे बघत होती. तिची बोटं पदर शोधत होती. अंगात कुर्ता होता, तरी शोधत होती.

"आई, मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "यू सेड नको. वन सेकंदमध्ये म्हणालीस. आम्ही पेंटचा कलर पण ठरवला होता. तू नको म्हणालीस तेव्हा मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो होतो. मला वाटलं, तुला आमच्याबरोबर नाही राहायचं."

तिने मान वर केली. "अरे, परत विचारायचं असतं."

"हे मला कधी सांगितलंस?"

 नव्हतंच सांगितलं. कोण सांगतं मुलांना असलं? आपण धरून चालतो की पोटातूनच येत असेल. सून जिन्यावर उभी होती. तिला मराठीतलं निम्मंच कळलं असणार, पण ती खाली आली आणि सासूला मिठी मारून उभी राहिली. टेपवाला माणूस भिंतीकडे तोंड करून उगाच काहीतरी मोजत राहिला. मुलाने डोळे पुसले आणि त्याला सांगितलं, जिम कॅन्सल करतोय. त्यावर त्या भल्या माणसाने विचारलं, मग बाथरूममध्ये आधाराला धरायची दांडी बसवू का? मैत्रीण लगेच म्हणाली, नको नको, मी काय म्हातारी आहे का. मुलाने तिच्याकडे बघितलं, थोडा विचार केला, आणि पुन्हा विचारलं, "बसवू का?" ती म्हणाली, बरं, बसव.

मी आनंदाने रडले. खरंच आनंदाने. मग चहाचा कप धुऊन ठेवला, गाडीपाशी आले आणि तिथे माझ्या लक्षात आलं की ही गाडी आता मला एकटीला न्यायची आहे. इतके महिने मी हिच्या मागे लागले होते की स्पष्ट बोल, स्पष्ट बोल. ती बोलली तर ती राहणार, आणि ती राहिली तर संध्याकाळी तळ्याभोवती मी कोणाबरोबर चालणार, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. स्वतःला फार हुशार समजते मी.

ती मला सोडायला बाहेर आली. माझ्या हातात डबा दिला, पाण्याची बाटली दिली, सीट माझ्या मापाने मागे सरकवून दिली. चेहरा इतका मोकळा झालेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी काचेतून डोकं बाहेर काढलं.

"चल माझ्याबरोबर परत," मी म्हटलं. "घर आवरायचंय, विकायचंय. महिनाभर राहा आणि मग ये. मला एकटीला जायचं नाहीये."

मी हे म्हणेन असं तिला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"नाही गं," ती म्हणाली. "मी नाही येणार."

मी वाट बघितली. तिच्या नकारामागे नेहमी काहीतरी असतं: बघू, कळवते, तू म्हणतेस तर, एखादं आडवळण. या वेळी काहीच आलं नाही. तीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खरंखुरं नाही होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. गाडी सुरू केली आणि नेब्रास्का लागेपर्यंत रडत गेले.